मंगळावरच्या घराचं दार

मंगळावर माणसांना राहता यावं असं घर आखणं हे माझं काम. त्याचा नमुना आम्ही पुण्याजवळ एका शेडमध्ये उभारला आणि चाचणीसाठी चौघं महिनाभर आत राहिलो. बाहेरचा निरोप फक्त आमच्या प्रमुखांमार्फत यायचा.

त्याच महिन्यात झाशीला बाबा गेले. ताईनं लगेच फोन केला होता, पण प्रमुखांनी मला कळवलंच नाही. मी बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मंगळावरून कुणी घरी जाऊ शकतं का? सांगितलं असतं तर चाचणी मोडली असती."

झाशीत प्रेम नगरच्या आमच्या घरी पोचलो तेव्हा तेरावंही उरकलं होतं. अग्नी ताईनं दिला होता. शेजारचे काका दारातच म्हणाले, "भैया, बहुत देर कर दी."

आईनं पाणी दिलं आणि विचारलं, "ते घर खरंच मंगळावर होतं का रे?"

"नाही गं, पुण्याजवळ."

"त्याला दार होतं?"

"होतं."

तिनं रिकामा पेला उचलला आणि आत गेली.

नंतर एका सभेत प्रमुखांनी अभिमानानं सांगितलं, की चौघांचीही मनःस्थिती शेवटपर्यंत उत्तम राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत बसलो होतो.