गच्चीवरची जांभळी किनार

दर रविवारी ऊन कललं की आमच्या गच्चीवर जांभळ्या रंगावरून भांडण व्हायचं. आमची म्हणायची नुसती सवय. गच्ची घरमालक काकांची, तिच्या कोपऱ्यातली पत्र्याची खोली भाड्याने माझी. मी सावंतवाडीकडचा. आठवीत शाळा सोडली आणि सुतारकामाच्या मागे फिरत फिरत पार राज्याच्या दुसऱ्या टोकाला, लकडगंजात एका फर्निचरवाल्याकडे येऊन टेकलो. काका खापरखेड्याच्या वीजकेंद्रातून रिटायर झालेले. खोली बघायला गेलो त्या दिवशी त्यांनी गाव विचारलं नाही, जात विचारली नाही. "दुर्बिणीले स्टँड बनवता येते काय गा?" एवढंच विचारलं. मी सागाची तिपाई करून दिली आणि राहिलो.

राहिलो म्हणजे घरातलाच झालो. पाण्याचा पाइप माझ्या दाराशेजारून टाकीकडे जातो. त्यावर खालून काकांनी पान्याने ठोकलं की समजायचं, चहा झाला, नाहीतर दुर्बीण धरायला ये. तापाने पडलो तेव्हा याच माणसाने स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. परक्या गावात एवढं कोण करतं?

काकांची दुर्बीण लांबलचक, पुढे दोन काचांचं भिंग, जुनी. दोन गल्ल्या सोडून राहणारे दातांचे डॉक्टर आपली घेऊन यायचे. ती लहान, खास काचेची, आणि किंमत अशी की तेवढ्यात जुनी मोटारसायकल आली असती. डॉक्टर म्हणायचे, काकांच्या भिंगात सगळे रंग एका जागी जुळत नाहीत, म्हणून झगझगीत वस्तूच्या कडेला जांभळं सांडतं.

"कुठे आहे जांभळं?" काका म्हणायचे. "मले तर आजवर दिसलं नाही. तुम्ही एवढे पैसे टाकून बसले, आता जांभळं शोधणं भागच आहे तुम्हाले."

"काका, तुम्हाला दिसत नाही की बघायचं नाही?"

"तुम्ही दात पाहा, दात."

जाता जाता काका दोरीवरचे शर्ट बाजूला सारायचे आणि काकूंना हाक मारायचे, "अवं, हे पाय, पुन्हा पिवळे!" काकू बिचाऱ्या धुण्यात आणखी नीळ घालायच्या. मला ते शर्ट चांगले निळसर दिसायचे. पण नवराबायकोच्या धुण्यात भाडेकरूने कशाला पडा?

जांभळंही मला दिसायचं. पहिल्यांदा चंद्र बघितला तेव्हापासून. मला वाटलं होतं, चंद्र असाच असेल. आवडायचंही. कोणी विचारत नव्हतं तोवर सगळं ठीक होतं.

पावसाळा सरल्यावरचा एक रविवार. हवा इतकी स्वच्छ होती की खापरखेड्याची धुराची चिमणी गच्चीवरून नुसत्या डोळ्याने दिसत होती. डॉक्टर म्हणाले, "लावा दोन्ही दुर्बिणी चिमणीवर. मागे उजळ आभाळ, काळी कड. होऊन जाऊ द्या निकाल."

"माझ्याच चिमणीवर?" काका खूश झाले. "लावा. पण पाहणार कोण?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. "हा. याची स्वतःची दुर्बीण नाही, म्हणजे याचा डोळा कोणाच्याच बाजूचा नाही."

माझा डोळा कोणाच्या बाजूचा होता ते मला माहीत होतं. मी काकांची भाकरी खात होतो. डॉक्टरांच्या दुर्बिणीत बघितलं : लहानशी राखाडी चिमणी, कड स्वच्छ. मग काकांच्या. चिमणी मोठी झाली, वर चढायची शिडीसुद्धा दिसली, आणि कडेने वरपासून खालपर्यंत जांभळा दोरा ओढल्यासारखा.

"काका, तुमच्यात मोठी दिसते. शिडीपण दिसते."

"ते राहू दे. जांभळं आहे काय?"

"आहे."

काकांनी मला बाजूला केलं. बराच वेळ डोळा लावून उभे राहिले. मग भिंगावर झाकण घातलं. "काहून खोटं बोलून राहिला बे?" म्हणाले आणि जिना उतरून गेले.

दुसऱ्या दिवशी पाइप वाजला नाही. त्यानंतरही नाही. काकू माझा चहा जिन्याच्या पायरीवर ठेवून जायच्या. कामावर मी खुर्चीचा एक पाय उलट्या बाजूने तासला. येताजाता भाड्याच्या खोल्यांच्या पाट्या वाचायला लागलो. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "दुसऱ्याच्या घरात रवतंस मां? मगे तोंड सांभाळून रव." तेच तर जमलं नव्हतं. पुन्हा पुन्हा आठवून बघायचो, खरंच होतं का जांभळं? की माझ्याच डोळ्यात काही आहे?

मग एका सकाळी काकूंनी वर येऊन रिक्षा आणायला सांगितली. काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. रिक्षात काका बाहेर बघत बसले, पण उतरताना खांद्यावर हात ठेवला. आधाराला असेल.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यानंतर पहिल्यांदाच ते गच्चीवर आले आणि दोरीपाशी थबकले.

"अवं! हे शर्ट निळे काहून झाले?"

"निळेच होते!" खालून काकू ओरडल्या. "पिवळे पिवळे म्हणून माझं डोकं कोणी खाल्लं?"

काकांनी डावा डोळा झाकून शर्ट बघितला, मग उजवा झाकून. पुन्हा डावा. मी दारात उभा. माझ्याकडे एकदा बघून खाली गेले. तो दिवस मी कसा काढला, मलाच ठाऊक.

संध्याकाळी पाइप वाजला.

जड उचलायला त्यांना मनाई होती, दुर्बीण मीच बाहेर काढली. आभाळात अजून उजेड होता, पश्चिमेला शुक्र. काकांनी उजवा डोळा लावला.

"बापा रे. एवढं जांभळं?" मग डावा लावला. "याले काहीच नाही." पुन्हा उजवा. त्यांचा डावा डोळा मोतीबिंदूने पिवळट काचेसारखा झाला होता, जांभळं वाटेतच गाळत होता. "तुले पहिल्यापासून दिसत होतं?"

"हो."

"आणि मी तुले खोटारडा म्हटलं." ते भिंगाकडेच बघत होते. "दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन थोडं पुढे ढकलतो. डॉक्टरशी भांडायले एक डोळा तरी पाहिजे."

"ढकलून पाहा!" जिन्यातून काकू म्हणाल्या.

रविवारी काकांनी स्वतःच सांगून टाकलं, "जांभळं आहे. मान्य." आणि लगेच पुढे म्हणाले, "पण तुमच्या पैशात माझ्या दुर्बिणीसारख्या कितीक येतील. आणि शिडी दाखवा तुमच्यात." झालं, पुन्हा सुरू. बोलता बोलता डॉक्टर माझ्याकडे वळले, "तू घेशील तेव्हा कोणती घेशील रे?" काकाही बघायला लागले. मी वाकून तिपाईचा पाय सरळ केला.

"अजून ठरलं नाही," मी म्हणालो.

पाइप आता रोज सकाळी वाजतो. तरी मी त्याच्या आधीच जागा होतो आणि आज वाजतो की नाही, ते ऐकत पडून राहतो.