सोनूचा करगोटा

सोनू लंगोटी सोडायला तयार झाला, पण कमरेचा करगोटा सोडायला काही केल्या तयार होईना.

"तेवडा सोडून बोला, बापू," तो म्हणाला. "जित्या मानसाचा करगोटा कोन काडतो काय?"

करगोटा म्हणजे कमरेचा काळा दोरा. आमच्याकडे तो लहानपणी कमरेला चढतो, आणि उतरतो तो शेवटच्या आंघोळीला. जुना झिजला तर आधी नवा बांधायचा, मगच जुना तोडायचा. मला हे नवीन होतं थोडंच? माझ्याही कमरेला होताच की! मी म्हटलं, "राहू दे बाबा. दोऱ्यासकट फोटो काढतो." तसा शब्दच दिला त्याला.

ही एकोणीसशे तीसच्या सुमाराची गोष्ट. रत्नागिरीत माझा फोटो स्टुडिओ होता. मुंबईचे एक शिल्पकार डाक बंगल्यात उतरले होते. दगड वाहणाऱ्या माणसाचा पुतळा करायचा होता त्यांना, आणि त्यासाठी संपूर्ण उघड्या अंगाचा, पाठमोरा फोटो हवा होता. माणूसही त्यांनीच हेरला. सोनू चिरेखाणीत जांभा दगड काढायचा. काम त्यांनी दोघांना सांगितलं, मला आणि विष्णूला. ज्याचा फोटो पसंत पडेल, त्याचा फोटो पुतळ्याशेजारी मुंबईच्या प्रदर्शनात लागणार होता. खाली नावासकट!

विष्णू माझा चुलतभाऊ, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. मुंबईच्या कलाशाळेत दोन वर्षं काढून आला आणि माझ्याच रस्त्यावर त्याने दुकान थाटलं. वर माझ्या पाया पडून गेला. लोक म्हणायचे, विष्णूच्या फोटोत माणूस जिवंत वाटतो. म्हणजे माझ्या फोटोत काय मेलेला वाटतो? नुसता जळफळाट व्हायचा माझा. ते प्रदर्शन मला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर ते विष्णूला मिळायला नको होतं.

सोनूची समजूत घालताना नाकी नऊ आले. फोटो म्हणजे कोट, असं त्याचं ठाम मत. "अख्खा दिवस लंगोटीत असतो मी, त्यात फोटो कसला काडायचा?" मग आधी स्टुडिओतला कोट आणि फेटा चढवून त्याचा एक फोटो काढला, घरी लावायला. कोटात तो खांबासारखा ताठ झाला. कोट उतरवल्यावर मात्र मोकळा झाला.

आता जरा उजेडाचं सांगतो. समोरून उजेड टाकला की अंग भाकरीसारखं सपाट दिसतं. बाजूने टाकला की एकेक स्नायू उठून येतो. मी डावीकडची एक खिडकी ठेवून बाकी सगळे पडदे ओढले. सोनूला पाठमोरं उभं केलं, खांद्यावर चिरा दिला आणि म्हटलं, "आता दम रोखून धर." चार अंक मोजले. प्लेट म्हणजे काचेची निगेटिव्ह. ती धुतली तेव्हा माझा मीच खूश झालो. खांद्यावरचा घट्टा, पाठीवरचे ओरखडे, कमरेचा दोरा, सगळं लख्ख आलं होतं.

दुसऱ्या दिवशी चहाच्या दुकानात कळलं की विष्णू सोनूचा फोटो काढायला थेट चिरेखाणीत गेला होता. त्याचा फोटो बघून शिल्पकार तीनदा "वा" म्हणाले. तीनदा! चहा तसाच टाकून मी घरी आलो.

माझ्याकडे विलायती पुतळ्यांच्या चित्रांचं एक पुस्तक होतं. संगमरवरी अंगं, कुठे डाग नाही की दोरा नाही. म्हटलं, विष्णूचा मजूर असेल, माझा देव होईल. टचिंगची पेन्सिल घेऊन बसलो. निगेटिव्हवर काळं असतं ते कागदावर पांढरं उतरतं. म्हणून काळा दोरा काचेवर कोऱ्या रेघेसारखा दिसतो. ती रेघ पेन्सिलीने भरली की कागदावर दोरा गायब. मी आधी घट्टा घालवला, मग ओरखडे. शेवटी करगोटा. दिलेला शब्द आठवला नाही असं नाही. आठवला, आणि हात थांबला नाही.

डाक बंगल्याच्या व्हरांड्यात दोन्ही फोटो टेबलावर मांडले. विष्णू होता, आणि सोनू बायकोला, जनीला, घेऊन आला होता. जनीने आधी विष्णूचा फोटो पाहिला आणि तोंडाला पदर लावून हसली. "अगो बाय, ह्यांचीच पाठ!"

मग माझा पाहिला. हसू गेलं. फोटोतल्या कमरेवर बोट ठेवून ती म्हणाली, "ह्यांचा करगोटा कुठं गेला?"

सोनू वाकून बघत राहिला.

"बापू, तुमी शब्द दिलात ना मना?"

"अरे, ती कला असते..." मी सुरुवात केली.

"ह्यो मढ्याचा फोटो हाय," जनी म्हणाली. ती तडक आत गेली, खानसाम्याकडून काळा दोरा मागून आणला, आणि आम्हा सगळ्यांसमोर तिने जुन्या करगोट्यावर नवा बांधला.

शिल्पकारांनी माझा फोटो पालथा घातला. "बापूराव, मला माणूस हवा होता," एवढंच म्हणाले. विष्णूचा फोटो घेऊन ते मुंबईला गेले.

आठवडाभराने मी ती काच काढली आणि टर्पेंटाइनच्या बोळ्याने पेन्सिल पुसली. घट्टा आला, ओरखडे आले, करगोटा आला. छापून पाहिलं. माझा फोटो विष्णूच्या फोटोपेक्षा चांगला होता. पहिल्यापासून होता!

न राहवून विष्णूला दाखवला. त्याने तो खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिला. "दादा, हा आधी दाखवला असतास, तर मी माझा टेबलावर ठेवलाच नसता."

त्याच्या त्या मोठेपणाचासुद्धा मला रागच आला. पुढे तीस वर्षं धंदा केला, हजारो चेहऱ्यांवर पेन्सिल चालवली. नियम एकच पाळला. विष्णूचं काम बघून आलो की त्या दिवशी टचिंगला बसायचं नाही.