एक टोला थांबण्याचा

वामन गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यासाठीच डब्यात मुगाची खिचडी भरत होतो. फोन ठेवला, सवयीनं डब्याचं झाकण लावलं... आणि मग कळेना, हा आता न्यायचा कुठे.

आम्ही जळगाव जामोदच्या एसटीवर जोडीनं नोकरी केली. तो ड्रायव्हर, मी कंडक्टर. घंटी एकदा वाजली की त्यानं थांबायचं, दोनदा वाजली की निघायचं. बोलण्यापेक्षा आमचं घंटीवरच जास्त जमायचं. जेवणाला मात्र काळवेळ नव्हती. दोघं निवृत्त झालो, पण अवेळी शेवभाजी हादडायची सवय काही निवृत्त झाली नाही. मग वामनच्या लिव्हरवर चरबी निघाली, साखरही वाढलेली. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, "मेंदूचं घड्याळ उजेडावर चालतं, लिव्हरचं मात्र जेवणावर लागतं. रात्री जेवलात की त्याला वाटतं दिवस निघाला. दोन घड्याळांचं जमेनासं झालं की साखर, चरबी सगळं बिघडतं. उजेडात जेवा, रोज एकाच वेळी."

"म्हंजे डेपोचं घड्याळ एक अन् कंडक्टरचं दुसरं," वामन माझ्याकडे बघत म्हणाला. "मंग गाडी टायमावर कशी जाईन बे?"

वहिनींनी त्याच्या जेवणाची वेळ माझ्यावर सोपवली. दिवे लागायच्या आत मी जायचो, चमच्यानं ताटावर एक टोला द्यायचो. थांब, जेव. तो निमूट भाकरी-पालेभाजी खायचा आणि मी परतताना चौकात भजी हाणायचो. एकदा तोंड भरलेलं असताना मागे वळलो, तर वामन उभा!

"काऊन बे? माह्या लिव्हरले घड्याळ, अन् तुह्या लिव्हरले सुट्टी?"

दुसऱ्या दिवसापासून वहिनी दोन ताटं वाढू लागल्या. त्याची साखर उतरली, माझी पँट सैल झाली. वाटलं, जिंकलो... आम्ही लिव्हरचं घड्याळ लावत बसलो आणि त्याचं हृदय थकत चाललंय, हे मला तिकीट फाडणाऱ्याला कुठून कळणार!

दवाखान्यातल्या शेवटच्या संध्याकाळी मी डब्यावर एक टोला दिला. दोन घास खाऊन त्यानं तोंड फिरवलं.

"वामन्या, थांब ना बे..."

तो हसला. बोटानं खाटेच्या दांडीवर टकटक केलं. दोनदा.

माझं घड्याळ त्याच्याच जेवणावर लागलेलं. ते तो गेला म्हणून बंद पडत नाही. दिवे लागायच्या आत भूक लागतेच. मी तोच डबा समोर घेतो, चमच्यानं एक टोला देतो. दुसरा द्यायला हात उचलवत नाही...