काकांची खुर्ची

आमच्या ऑफिसजवळ एका मोठ्या साखळीचा पब आहे. सगळ्या शाखांत तेच मेन्यूकार्ड, तेच पाठ केलेलं "वेलकम सर". दर शुक्रवारी संध्याकाळी मी तिथे बसतो. कोपऱ्यातल्या टेबलावर एक टकले काका येतात. ते टेकायच्या आत वेटर हसून विचारतो, "काका, नेहमीचं?" आणि बिअरबरोबर मसाला शेंगदाणे येतात, कांदा न घातलेले, वर लिंबाच्या दोन फोडी.

माझ्यापुढे मात्र मेन्यूकार्ड येतं. नुसता जळफळाट होतो. चार वर्षं येतोय मी! घरीसुद्धा बायको अजून विचारते, "चहात साखर घालू ना?" न विचारता आपल्याला वाढणारं कुणीतरी असावं, एवढंच तर मागणं माणसाचं. तेही नेमकं त्या टकल्याच्या वाट्याला.

गेल्या शुक्रवारी काका आले नव्हते. मी त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलो आणि ऐटीत म्हणालो, "नेहमीचं."

वेटर जरा गोंधळला. त्याने खुर्चीकडे पाहिलं आणि हसून आत गेला. शेंगदाणे आले, लिंबाच्या दोन फोडींसकट.

कांद्याशिवाय शेंगदाणे माझ्या घशाखाली उतरत नाहीत. त्या दिवशी मी एक दाणाही मागे ठेवला नाही.