एक जूनचे गुरुजी

"शाई वाळली की तारीख खरी," असं यादवराव वानखडे उठता-बसता म्हणायचे. वाशीमकडच्या पांगरीच्या शाळेत सोळा वर्षं म्हणाले, आणि पुढे जर्मनीत, कार्ल्सरूहेच्या ज्या कचेरीत शाईचा थेंबही नव्हता, तिथंही म्हणतच राहिले.

पांगरीत जून लागला की शाळेच्या ओट्यावर बाया पोरं घेऊन बसत. जन्माचा दाखला एकीजवळही नसे. "कवा झाला हा?" गुरुजींनी विचारावं, आणि बाईनं आठवून सांगावं, "तुरीला शेंगा भरत होत्या तवा." दुसरी म्हणे, "पूर उतरला, त्याच्या आठव्या दिवशी." आता तुरीची शेंग काही रजिस्टरात लिहिता येत नाही. मग गुरुजी पोराचे दात बघत, उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोचतो का बघत, मनाशी साल धरत आणि दिवसाच्या रकान्यात लिहीत, एक जून. त्यांच्या गुरुजींनी त्यांचीही हीच लिहिली होती. सोळा वर्षांत असे तीनशेच्या वर वाढदिवस त्यांनी वाटले. पुढे त्यावरच दहावीचे दाखले निघाले आणि दाखल्यांवरून पासपोर्ट.

त्यांची बायको उत्कर्षा पदार्थविज्ञानात संशोधन करायची. तिला कार्ल्सरूहेत काम मिळालं, तेव्हा गुरुजी नोकरी सोडून तिच्यामागे आले. पहिली तीन वर्षं चौथ्या मजल्यावरच्या खिडकीत गेली. खाली ट्राम येई, माणसं चढत, ट्राम जाई. राहण्याच्या परवान्यावर गुरुजींची ओळख एका शब्दाची होती, नवरा. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं, "आपण काय करता?" तर गुरुजी चहात बघत. शिकवणीला जाऊन जर्मन शिकले, पण ती बोलायला समोर माणूस नव्हता.

मग ही नोकरी लागली. जर्मनीतला कायदा असा, की प्रौढांसाठीचे सिनेमे दाखवणाऱ्या वेबसाइटनं माणूस अठरा वर्षांचा झाल्याची खातरी करूनच त्याला आत सोडावं. नुसतं 'हो, मी झालो' म्हटलेलं चालत नाही. काही साइट्सनी हे काम एका कंपनीला दिलं होतं. तिथं गुरुजी काचेच्या खोपट्यात बसत. पडद्यावर चेहरा येई, चेहऱ्याशेजारी पासपोर्ट येई. दोन्ही जुळले की गुरुजी हिरवी खूण करत. दाराच्या आत काय आहे, ते त्यांनी कधी पाहिलं नाही. त्यांचं काम उंबऱ्यापुरतं.

पहिल्या दिवशी घरी येऊन त्यांनी हे सांगितलं, तेव्हा उत्कर्षा हसून म्हणाली, "अहो, म्हणजे दारावरचे शिपाई की!"

"शिपाई कसला? हजेरी घेतो मी," गुरुजी म्हणाले. आणि दुसऱ्या दिवसाच्या शर्टाला इस्त्री करायला बसले. तीन वर्षांनी त्या शर्टाला इस्त्री लागली होती.

काम त्यांना शोभलं. पडद्यावरची माणसं ओशाळलेली असत, कुणी टोपी ओढून बसे, कुणी दिवा मालवून. गुरुजी संथपणे म्हणत, "पान सरळ धरा. घाई नको." माणूस निमूट पान सरळ धरी. शेजारच्या खोपट्यात साताऱ्याकडचा सुधीर होता. तो म्हणे, "गुरुजी, तुमच्यापुढं माणसं छडी खायला आल्यागत बसतात!"

त्या कचेरीत रीत अशी की ज्याचा वाढदिवस, त्यानंच खाऊ आणायचा. एक जूनला गुरुजींनी शंकरपाळ्यांचा डबा आणला. त्याच दिवशी सुधीरनं केक आणला. फ्राऊ ब्रेनर त्यांची वरिष्ठ, मोकळ्या स्वभावाची बाई. तिनं दोन्ही खाल्लं आणि हसत विचारलं, "भारतात सगळेच एक जूनला जन्मतात की काय?"

सगळे हसले. गुरुजीही हसले. आणि बाईनं गंमत म्हणून संगणकात शोधलं.

चार दिवसांनी तिनं दोघांना बोलावलं. आता ती हसत नव्हती. तीन महिन्यांत दोनशे चौदा भारतीय पासपोर्टांवर एक जून सापडला होता. "हा योगायोग नाही. कुणीतरी खोटे कागद छापतंय. तुमची गोष्ट वेगळी, तुमचे कागद आम्ही नोकरी देतानाच पारखलेत." मग तिनं नियम सांगितला. भारतीय पासपोर्ट आणि एक जून अशी जोडी दिसली की लाल खूण, 'जन्मतारीख संशयास्पद'. महिनाअखेरीस यादी पोलिसांकडे. "मिस्टर वानखडे, तुम्हाला यातलं काही ठाऊक आहे?"

गुरुजींच्या तोंडी सगळं आलं होतं, तूर, पूर, ओट्यावरच्या बाया. पण बोलायचं म्हणजे कबूल करायचं की तारखा मी मनानं लिहिल्या. आणि मनानं तारखा लिहिणाऱ्याला तारखा तपासायला कोण बसवील? त्यांना चौथ्या मजल्यावरची खिडकी दिसली.

"नाही," ते म्हणाले.

त्यानंतर खोपटं त्यांना लहान व्हायला लागलं. काच तीच, खुर्ची तीच. रोज एखादा एक जून येई, आणि गुरुजी पडद्याकडे न बघता लाल खूण करत.

असाच एकदा संघर्ष नावाचा तरुण आला. चौतिशीचा, दाढीत दोन-चार पांढरे केस, नेकारसुल्मच्या गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर. पडद्यावर गुरुजींचं नाव वाचून तो आधी दचकला, मग हळूच म्हणाला, "जय भीम, सर."

बोलणं सगळं नोंदलं जात होतं. गुरुजी इंग्रजीत म्हणाले, "पान सरळ धरा. घाई नको." तारीख पाहिली. लाल खूण केली. ती त्याच्याही पडद्यावर उमटली.

"संशयास्पद?" संघर्ष मराठीतच बोलायला लागला. "सर, आई सांगते, सोयाबीन काढणीत झालो मी. शाळेत कुणीतरी गुरुजींनी एक जून लिहिलं. तुम्हीही मास्तरच होतात ना? पान सरळ धरा, घाई नको, असं दुसरं कोण बोलतं?" त्याचा आवाज खाली गेला. "माझा इथं कायम राहायचा अर्ज चालू आहे. पोलिसांचं पत्र आलं तर सांगू काय? तारीख कशी ती सांगेनही. पण कुठल्या साइटवर तपासली, हे कुणाला सांगू?"

गुरुजींनी नियमाचं वाक्य वाचून दाखवलं आणि बटण दाबलं. चेहरा गेला. काचेत त्यांचा स्वतःचा राहिला.

जेवणाच्या सुट्टीत सुधीरनं डबा उघडलाच नाही. "ऐकलं मी सगळं. गुरुजी, गप्प राहा. आपण तरलोय ना? तुम्ही तोंड उघडलं तर माझीही तारीख निघंल. नवीन घर घेतलंय मी."

"तुझी तारीख मी नाही लिहिली, सुधीर."

"तेच म्हणतो मी. त्या पोराची तरी तुम्ही लिहिली का?"

गुरुजी आपला डबा बंद करून उठले.

घरी उत्कर्षानं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "अहो, काय करा ते मी सांगणार नाही. पण ती तीन वर्षं तुम्ही खिडकीशी कसे बसायचे, ते मी पाहिलंय. तेवढं विसरू नका." मग उठून तिनं कपाटातलं शाईचं पेन त्यांच्यासमोर ठेवलं, आणि भाकरी करायला गेली.

महिना संपायला दोन दिवस उरले होते. गुरुजींनी जर्मनमध्ये एक पान लिहून फ्राऊ ब्रेनरसमोर ठेवलं. अक्षर फळ्यावरच्यासारखं. बाईनं दोनदा वाचलं.

"तीनशे मुलांच्या तारखा तुम्ही ठरवल्यात?"

"हो."

"आणि तुमची?"

"माझ्या गुरुजींनी. पासपोर्ट खरे आहेत, माणसं खरी आहेत. दिवस मात्र कुणालाच ठाऊक नव्हता. आयांना ठाऊक होता, पण त्यांच्या दिवसाला आमच्या रजिस्टरात जागा नव्हती."

बाईनं पान टेबलावर ठेवलं. "त्या दिवशी विचारलं, तेव्हा का नाही बोललात?"

"ही खुर्ची जाईल म्हणून."

"यादी मी या महिन्यात पाठवत नाही. वकिलांना विचारीन. त्यापुढचा शब्द मी देऊ शकत नाही." बाई म्हणाली. "पण त्या खुर्चीवर तुम्हाला आता बसवता येणार नाही. कळतंय ना?"

"गेनाऊ," गुरुजी म्हणाले. 'अगदी बरोबर' या अर्थाचा शिकवणीतला तो शब्द पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून अगदी जागच्या जागी पडला. गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांनी पट्टा नीट गुंडाळला आणि पानाशेजारी ठेवला. खोपट्यातून शंकरपाळ्यांचा रिकामा डबा उचलला. सुधीरच्या काचेवर बोटानं एकदा टकटक केली आणि जिन्यानं खाली उतरले.

ट्रामचा थांबा समोरच होता. ते थांब्यापाशी थांबले नाहीत. डबा काखेत धरून रुळांच्या कडेकडेनं, शाळेत वेळेआधी पोचलेल्या मास्तराच्या चालीनं, सरळ चालत गेले.

वरून सुधीर बघत होता. कानातल्या यंत्रात कुणीतरी हॅलो, हॅलो करत होतं. गुरुजींचा इस्त्रीचा शर्ट पुलाखाली दिसेनासा होईपर्यंत तो उभा होता.