ओळखणारा माणूस

लातूरच्या डाळवाल्यांत कुणाची सोयरीक कानडी घरात जुळायची असली, की पंचाक्षरी मास्तरांना बोलावणं जायचं. आई हुमनाबादची, म्हणून कानडी पाण्यासारखी. पोटाला शिकवणी वर्गात इतिहास, आणि जिभेची खाज भागवायला दुभाषेपण. अलीकडची शिवी मास्तरांच्या तोंडून पलीकडे पेढा होऊन पोचते, असं बायका म्हणत. म्हणताना त्यांनीच जमवलेल्या लग्नाचे पेढे खात.

दोन वर्षांमागं विधवा उमाबाईंची थोरली अक्षरा मास्तरांनीच देवणीपलीकडं, सरहद्दीवरच्या एका घरात दिली. आता तिच्या थोरल्या दिरानं, मन्मथप्पांनी, सगळ्यांत धाकट्या, बिनलग्नाच्या भावासाठी धाकटी अंजू मागितली. मागणी चांगली, पण अक्षराचा फोन पावसाळ्यापासून लागत नव्हता.

"मास्तर, पोरगी बघून या. बरी असली तर अंजूला हो म्हणते," उमाबाई म्हणाल्या.

"तुम्हीच चला की, उमाक्का."

"लेकीला लेकरू होईस्तोवर आईला तिच्या घरचं पाणी चालत न्हाई. तुम्हाला तर लई चालतंय, शिऱ्यासकट."

मास्तर गेले. मन्मथप्पांनी तूप वाढलं, शाल दिली. डोईवरून पार तोंडापर्यंत पदर ओढलेली एक बाई चहा घेऊन आली, पाया पडली, कानडीत "बरी आहे" म्हणाली आणि आत गेली. बोलणी मोठ्या माणसांतच झाली होती; अक्षराला मास्तरांनी पाहिलं होतं ते फक्त लग्नात, बाशिंगाआड. इतकी सफाईदार कानडी ही कधी शिकली, एवढं मनात आलं. मन्मथप्पांनी मास्तरांच्या खांद्यावरची शाल सारखी केली आणि हात तिथंच ठेवला.

"बघितलंत ना? सांगा जाऊन."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्गात इजिप्तच्या दरबारातली जुनी पत्रं निघाली. बाबिलोनच्या राजानं फारोला कळवलं होतं: माझी बहीण तुझ्या राणीवशात दिली, ती जिवंत आहे की मेली कुणाला ठाऊक, आणि वर तू माझी मुलगी मागतोस? माझ्या वकिलांना तू एक बाई दाखवलीस. ती कुण्या गरिबाची लेक नसेल कशावरून? फारोनं उलट सुनावलं: तिला ओळखणारा, तिच्याशी बोलणारा माणूस का नाही धाडलास? तुझ्या माणसांत एक तर गाढवं हाकणारा होता.

पोरं हसली. मास्तरांच्या हातातला खडू फळ्यावरच थांबला. वर्ग तसाच टाकून ते उमाबाईंकडे गेले.

"कशी हाय?"

मास्तर बसलेही नाहीत. "उमाक्का, मी तिला ओळखलंच न्हाई. कोण दाखवली, सांगता येत न्हाई."

उमाबाईंनी अंजूला शेजारणीकडे बसवलं आणि चपला घातल्या. दुपार कलायच्या आत दोघं त्या दारात होते. मन्मथप्पांनी या म्हटलं, पण हसले नाहीत. चहा आला. आणणारी तीच. उमाबाईंनी हात घालून तिचा पदर मागं सारला. कोवळं, परकं तोंड.

"ही माझी न्हाई. मास्तर, इचारा हिला."

मास्तरांनी विचारलं. बाई दाराकडं बघत पुटपुटली.

"काय म्हणली?"

मास्तरांनी त्यात साखर घातली नाही. "मी हितं कामाला हाय, म्हणती. अक्षरा माडीवर हाय. तिला उठता येत न्हाई."

उमाबाई जिन्याकडं धावल्या. मन्मथप्पांनी सावकाश उठून पुढच्या दाराला आतून कडी घातली.

"मास्तर," वरून उमाबाईंचा आवाज आला, "वर या. मला एकटीला उचलवत न्हाई."

मास्तर मन्मथप्पांकडं न बघता जिना चढू लागले. मागून मन्मथप्पांचीही पावलं चढू लागली.