तात्यांचं ‘कुठं?’

मी सर्व्हेअर माणूस. जे मोजता येतं तेवढंच खरं, बाकी सगळ्या भाकडकथा! या ग्रुपवरच्या निम्म्या किश्श्यांखाली मीच टोमणे मारलेत. आता तुमची पाळी... मारा.

गाव शिराळा, जिल्हा सांगली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पायरीवर शेजारचे तात्या बसलेले असतात, रिटायर्ड फौजी. त्यांची एकच खोड – बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, “कुठं निघालास रं गड्या?” आता आमच्याकडं निघणाऱ्याला ‘कुठं’ विचारत नाहीत. विचारलंच, तर घटकाभर टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं, मग निघायचं. आई तर तात्यांवर जाम उखडायची. त्यांच्यापायी माझी एसटीसुद्धा चुकलीय.

तर मी अफगाणिस्तानात रस्त्याच्या कामावर होतो. आम्ही साधे कामगार, पण रस्त्यात बॉम्ब पेरणाऱ्याला त्याचं काय? आदल्याच महिन्यात शेजारच्या कॅम्पचे मजूर तसेच गेले होते. मी, ड्रायव्हर हमीद आणि नेपाळी फोरमन – तिघं रोज सकाळी साडेसहाच्या ठोक्याला पिकअपमधून निघायचो. वक्तशीरपणा माझाच!

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी गाडीत चढायला पाय उचलला, आणि मागून स्पष्ट... “कुठं निघालास रं गड्या?” तोच घोगरा आवाज, पाठोपाठचा खोकलासुद्धा. वळलो. मागं नुसती पत्र्याची शेड. अख्ख्या कॅम्पात दुसरा मराठी माणूस नव्हता हो!

काय झालं कुणास ठाऊक, सवयीनं खाली टेकलो, बाटली उघडून पाणी प्यायलो. हमीद हॉर्न मारून वैतागला. दहा मिनिटं उशिरा निघालो... वळणावर पोचतोय तोच समोर लांबवर रस्त्याखालची मोरी धाडकन उडाली. रिकाम्या रस्त्यावर! आमची रोजची वेळ धरून टायमर लावला होता म्हणे. तिघांना साधं खरचटलंही नाही. हमीद गळ्यात पडून रडला. मीही रडलो, त्यात लाजायचं काय?

घरी यातलं अक्षर कळवलं नाही, आईनं हाय खाल्ली असती. सहा महिन्यांनी गावी आलो तर तात्या तोंड फिरवून बसलेले.

“तात्या, रागावलाय व्हय?”

“मग काय! पंचमीच्या दुसऱ्या दिशी डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून हितनं चाललावतास. कुठं म्हनून इचारलं, तर वळून बघितलंस, हितंच टेकलास, बाटलीतलं पानी प्यालास... पन जबाब न्हाई. लय माज आलाय का रं?”

त्या सकाळी माझ्या डोक्यावर साइटचं पिवळं हेल्मेटच होतं. हेल्मेटमधला फोटो मी कुणाला पाठवला नव्हता, कॅम्पातल्या कुणाशी गावाचा संबंध नव्हता. सगळं तपासून झालं. उत्तर आजही नाही, आणि खरं सांगू? त्यावाचून माझं काही अडत नाही. आता साताऱ्यात नोकरी आहे, रविवारी गावी येतो, आईच्या हातचं जेवतो. मजेत आहे.

तात्या थकलेत. हल्ली कुणाला काही विचारत नाहीत. परवा गाडी काढली तरी गप्पच.

मीच थांबलो. “आवं तात्या, इचारा की!”

“काय?”

“कुठं निघालास म्हणून.”

तात्या खवळले. “एवढा बाप्या झालास, अक्कल न्हाई? निघनाऱ्याला कुठं म्हनून इचारत्यात व्हय?”

मी गाडी स्टँडला लावली, त्यांच्याजवळ पायरीवर टेकलो, आणि पाणी मागितलं.